वर चाललेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बल? बल आणि गती शिकवण्याबद्दल

लोलक

बल आणि गती हा भाग शिकवून झाला की मुलांना एक साधा प्रश्न देऊन पाहावा. चेंडू सरळ वर फेकला आहे, हातातून सुटला आहे आणि अजून वर चालला आहे. हवेचा रोध धरायचा नाही. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बलं आहेत ती बाणांनी दाखवा.

बहुतेक वह्यांत दोन बाण येतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, नाव 'हाताचं बल' किंवा 'फेकण्याचं बल'. चेंडू माथ्यावर असताना काय, असं विचारलं तर दोन्ही बाण सारख्या लांबीचे होतात, 'म्हणून तो क्षणभर थांबतो'. हीच मुलं न्यूटनचे तिन्ही नियम बिनचूक म्हणतात. २ किलोच्या ठोकळ्यावर १० न्यूटन बल लावलं तर त्वरण ५ मी/से², हेही तोंडी सांगतात.

जास्त गणितं देऊन हे सुटत नाही असं माझं ठाम मत आहे. सूत्रातलं बल आणि मुलांच्या मनातलं बल या दोन निराळ्या गोष्टी राहतात आणि त्यांची कधी गाठच पडत नाही. तेव्हा प्रश्न असा: शिकवण्याचा क्रम काय असावा? कोणते प्रयोग ही समजूत खरोखर हलवतात आणि कोणते नुसत्या टाळ्या मिळवतात? मोजमापांसकट लिहिलंत तर सगळ्यांना उपयोग होईल.

साक्षेप

ही अडचण चांगली नोंदवलेली आहे. जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर नेमका हाच प्रश्न ठेवला होता, फक्त चेंडूऐवजी नाणं होतं. बहुसंख्यांनी वरचा बाण काढला. पुढे १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर जी बहुपर्यायी चाचणी तयार केली, तिचं बळ चुकीच्या पर्यायांत आहे. मुलं जे खरंच मानतात तेच तिथे पर्याय म्हणून येतं: 'वर जाताना कमी कमी होत जाणारं बल', 'माथ्यावर समान बलं', वगैरे.

आपल्या प्रश्नपत्रिकेत 'जडत्व म्हणजे काय' विचारण्याऐवजी असे पर्याय घातले तर कोण कुठे अडकलंय ते पाच मिनिटांत कळतं. शिकवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

उतरण

माझ्या मते आधी गती, मग बल. त्वरण म्हणजे काय हे हाताला लागल्याशिवाय बल शिकवू नये. 'वेग' आणि 'वेगातला बदल' यांची गल्लत आहे तोवर बल वेगाला चिकटणारच.

साधन: २ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल आणि एक मोठी गोटी. अँगल व्ही आकारात ठेवून एक टोक १० सेंटीमीटर उचलायचं. उतार इतका कमी ठेवण्याला कारण आहे. १ मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू ०.४५ सेकंदात जमिनीवर येते आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताचाच उशीर साधारण ०.२ सेकंदाचा असतो. त्या मोजमापाला काही अर्थ राहत नाही. गॅलिलिओने सरळ पडणं सोडून उतार घेतला तो याचसाठी.

स्टॉपवॉच अजिबात नको. फोनवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६० ठोके. ठोक्याबरोबर गोटी सोडायची, पुढच्या प्रत्येक ठोक्याला ती कुठे आहे तिथे खडूची खूण. चार-पाच वेळा सोडून खूण मागेपुढे सरकवत नेमकी करायची. मग सुरुवातीपासूनची अंतरं मोजली की १ : ४ : ९ मिळतं आणि लगतच्या खुणांमधली अंतरं १ : ३ : ५. दर सेकंदाला जादा पडणारं अंतर सारखंच आहे, हे मुलांनी स्वतः पट्टीने मोजलेलं असतं.

गोटी सोडताना बोटाने धरू नका, नकळत ढकललं जातं. समोर आडवी पट्टी धरा आणि ती उताराच्या दिशेने, म्हणजे गोटीच्या पुढे, झटकन काढून घ्या.

त्रिज्या

@उतरण, प्रयोग उत्तम, क्रमाशी असहमत.

आधी गती घेतली की आलेखांत दोन आठवडे जातात आणि तोवर वर्ग निम्मा झोपतो. शिवाय अंतर-काळ आलेखाला मुलं चित्र समजतात: रेघ वर चढली म्हणजे वस्तू टेकडी चढली. बल पहिल्या दिवशी घ्या, पण फक्त एका नियमासह. प्रत्येक बाणाला दोन नावं हवीत: कोणाचं बल आणि कोणावर. 'पृथ्वीचं चेंडूवर', 'टेबलाचं पुस्तकावर', 'दोऱ्याचं ट्रॉलीवर'. 'गतीचं बल', 'जडत्वाचं बल', 'फेकण्याचं बल' असं नाव चालणार नाही, कारण त्यात लावणारी वस्तूच नाही. 'हाताचं चेंडूवर' म्हणायचं तर हात आत्ता चेंडूला लागलेला आहे का ते विचारा. नसेल तर बाण खोडा.

इथल्या पातळीवर गुरुत्व, चुंबक आणि विद्युतभार एवढी तीनच बलं स्पर्शाशिवाय लागतात. बाकी प्रत्येक बाणासाठी वस्तूभोवती बोट फिरवून विचारायचं: इथे कोण टेकलंय?

शंकासुर

मग मुलं म्हणतात, बल नाही तर चेंडू वर जातोय कशाने? या 'कशाने'ला उत्तर काय द्यायचं?

त्रिज्या

'वर जातोय' याला कारण लागत नाही, 'हळू होतोय' याला लागतं. पण हे वाक्य सांगून उपयोग नाही, आधी बलाशिवाय चालणारी वस्तू दिसायला हवी. टाकाऊ सीडीच्या भोकावर दाबून उघडणारं बाटलीचं झाकण चिकटवा, वर फुगवलेला फुगा ताणून बसवा, मग झाकण उघडा. हवेच्या पातळ थरावर सीडी तरंगते. काचेच्या टेबलावर हलका धक्का दिला की ती जवळजवळ एकाच वेगाने सरकत जाते.

काय बिघडतं: झाकणाचं चिकटवणं एका बाजूने गळत असेल तर सीडी आपोआप एका दिशेला पळते आणि धडाच उलटा जातो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. टेबल पाणसळीने सपाट करा. धक्का देण्याआधी सीडी जागच्या जागी तरंगून दाखवा, नाहीतर मुलं म्हणतील फुग्यातली हवा तिला ढकलतेय. रास्त शंका आहे.

कोनमापक

@उतरण, तुमच्या मांडणीत एक खोच आहे. लिहून ठेवतो, नाहीतर कोणीतरी गुरुत्वत्वरण काढायला जाईल आणि गोंधळेल.

२ मीटरला १० सेंटीमीटर म्हणजे उताराच्या कोनाची ज्या (साइन) ०.०५. घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूचं त्वरण ०.४९ मी/से² यायला हवं. पण गोटी घसरत नाही, घरंगळते. तिच्या ऊर्जेचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. सपाट फळीवर भरीव गोळ्यासाठी त्वरण ५/७ पट होतं, म्हणजे ०.३५. आणि व्ही आकाराच्या अँगलमध्ये तेवढंही नाही! गोटी तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंना टेकते. टेकण्याचे बिंदू फिरण्याच्या अक्षापासून त्रिज्येच्या ०.७१ पट अंतरावर असतात, त्यामुळे तेवढंच पुढे जायला तिला जास्त वेगाने फिरावं लागतं. हिशेब केला की ५/९ पट, म्हणजे सुमारे ०.२७.

तेव्हा खुणा पहिल्या सेकंदाला साधारण १४ सेंटीमीटर, दुसऱ्याला ५४, तिसऱ्याला १२२ अशा येतील. १ : ४ : ९ हे गुणोत्तर तिन्ही प्रकारांत तसंच राहतं, कारण त्वरण स्थिर आहे. गुणोत्तरासाठी गोटी, आकड्यासाठी चांगल्या चाकांची ट्रॉली.

उतरण

@कोनमापक, अगदी बरोबर, आणि हे फार मोलाचं आहे. याच अँगलच्या वरच्या दोन कडांवर रुंद सपाट पट्टी बसवली तर ०.३५ मिळायला हवं. त्याच उतारावर, त्याच गोटीचे दोन निराळे आकडे. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक अख्खा तास त्यात आहे.

मंदगती

दुसऱ्या नियमाच्या प्रयोगाबद्दल. ट्रॉली, दोरा, कप्पी, लोंबतं वजन ही मांडणी सगळीकडे असते आणि बहुतेक ठिकाणी चुकीने केली जाते.

चूक एक: लोंबत्या वजनाचं सगळं बल ट्रॉलीवर लागतं असं धरणं. ट्रॉली ५०० ग्रॅम, लोंबतं वजन ५० ग्रॅम. ०.४९ न्यूटन भागिले ०.५ किलो केलं की ०.९८ येतं. खरं त्वरण ०.८९, कारण तेच बल ट्रॉली आणि लोंबतं वजन दोघांना मिळून पळवतंय, एकूण ५५० ग्रॅम. दोऱ्यातला ताण ०.४९ नसून सुमारे ०.४५ न्यूटन असतो.

चूक दोन: बल वाढवण्यासाठी बाहेरून वजनं आणून टांगणं. त्यात एकूण वस्तुमानही बदलतं आणि आलेख वाकतो. त्याऐवजी ५०० ग्रॅमच्या ट्रॉलीवर २० ग्रॅमची पाच वजनं ठेवा आणि एकेक उचलून टांगा. एकूण ६०० ग्रॅम कायम. अपेक्षित त्वरणं: ०.३३, ०.६५, ०.९८, १.३१, १.६३.

चूक तीन: घर्षण विसरणं. दोरा लावण्याआधी फळीचं एक टोक पातळ पुठ्ठ्यांनी उचलत जा. हलका धक्का दिल्यावर ट्रॉली एकाच वेगाने जायला लागली की थांबा. कमी उचललं तर आलेख बलाच्या अक्षाला छेदतो, जास्त उचललं तर त्वरणाच्या. मुलांना हे दोन्ही बिघाड मुद्दाम करू द्या. आलेखाचं छेदन पाहून फळीत काय चुकलं ते ओळखता येणं ही नियम समजल्याची चांगली परीक्षा आहे.

निरभ्र

तिसऱ्या नियमाचं कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. 'टेबलावरच्या पुस्तकाचं वजन ही क्रिया, टेबलाचं वरचं बल ही प्रतिक्रिया' हे वाक्य किती ठिकाणी शिकवलं जातं!

ती जोडी नव्हेच. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. ती समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे, म्हणजे पहिल्या नियमामुळे. लिफ्टमध्ये वर त्वरण घेताना ती समान राहत नाहीत: ६० किलोच्या माणसाचं वजन ५८८ न्यूटन, पण १ मी/से² त्वरणाने वर जाताना तळाचं बल ६४८ न्यूटन, काटा दाखवतो ६६ किलो. जोडी मात्र कधीच तुटत नाही. त्रिज्या यांची दोन नावांची पद्धत इथे थेट कामी येते. 'टेबलाचं पुस्तकावर', नावं उलटी करा: 'पुस्तकाचं टेबलावर'. 'पृथ्वीचं पुस्तकावर', उलटं: 'पुस्तकाचं पृथ्वीवर'. दोन्ही बलं एकाच वस्तूवर असतील तर ती जोडी नाही, संपलं.

प्रयोग: वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. तानकाट्याला (स्प्रिंगच्या काट्याला) २०० ग्रॅमचा दगड टांगा, घनफळ समजा ८० घनसेंटीमीटर. दगड पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. तानकाटा १२० दाखवेल. आता विचारा, खालचा काटा काय दाखवेल? 'शून्य, दगड तर वर टांगलेलाच आहे' असं जोरात उत्तर येतं. काटा दाखवतो ८०. पाण्याने दगडाला जितकं वर ढकललं तितकंच दगडाने पाण्याला खाली.

शंकासुर

आणि टक्कर? मोठी गाडी लहान गाडीला जास्त बलाने मारते, ही समजूत दगडाने जाईल असं वाटत नाही.

निरभ्र

नाही जाणार, कारण परिणाम खरोखर निराळे दिसतात. त्यासाठी दोन ट्रॉल्या घ्या, एक १ किलो, दुसरी २ किलो. मध्ये दाबलेली स्प्रिंग दोऱ्याने बांधा. दोरा जाळला की दोन्ही विरुद्ध दिशांना सुटतात. हलक्या ट्रॉलीसमोर ८० सेंटीमीटरवर अडसर, जड ट्रॉलीसमोर ४० वर. दोन्ही 'टक्' एकाच वेळी ऐकू आले म्हणजे वेग २ : १. स्प्रिंगचं बल दोघींवर तेवढंच आणि तेवढाच वेळ, फरक वस्तुमानाने केला. अडसर जागचे हलवून आधी दोन वेगळे 'टक्' ऐकवा, मग नेमकी जागा मुलांनाच शोधू द्या.

घर्षणप्रेमी

माझ्या लाडक्या विषयावर कोणीच बोललं नाही म्हणून हजर!

तानकाट्याने ठोकळा एकसमान वेगाने ओढा आणि आकडा वाचा, असं प्रयोगवहीत असतं. हाताने एकसमान वेग जमत नाही, काटा थरथरतो आणि मुलं मनाला येईल तो आकडा लिहितात. मांडणी उलटी करा. तानकाटा खिळ्याला अडकवा, त्याला ठोकळा बांधा आणि ठोकळ्याखालचा जाड कागद किंवा फळी ओढा. ठोकळा जागेवरच राहतो, काटा स्थिर, आणि कागद हळू ओढा की भरभर, आकडा जवळपास तोच. घर्षण वेगावर फारसं अवलंबून नाही, हेही फुकटात दिसतं.

५०० ग्रॅमच्या ठोकळ्याला सुटण्याआधी २ न्यूटन आणि घसरताना १.५ न्यूटन लागलं असेल तर घर्षण गुणांक (घर्षण भागिले लंबबल, म्हणजे पृष्ठभागाने ठोकळ्यावर काटकोनात लावलेलं बल) ०.४१ आणि ०.३१. दोरा आडवाच हवा. तो २० अंशांनी वर गेला तर ओढण्याचा एक भाग ठोकळा उचलतो, लंबबल कमी होतं आणि गुणांक चुकतो.

आणि 'घर्षण नेहमी गतीला विरोध करतं' हे वाक्य कृपा करून वह्यांतून काढा. चालताना जमिनीचं पायावरचं घर्षण पुढच्या दिशेला असतं. घर्षण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला विरोध करतं.

कोनमापक

मध्येच एक कोडं, ताणावरचं. तानकाट्याच्या दोन्ही टोकांना दोरे, दोन्ही दोरे कप्प्यांवरून खाली, प्रत्येकाला १ किलो वजन. मधला काटा किती दाखवेल: ०, १ की २ किलो?

त्रिज्या

१. एका बाजूचं वजन काढून तो दोरा भिंतीला बांधा, काटा हलत नाही. भिंतही तेवढ्याच बलाने ओढत होती. मतदान घेऊन मगच करा, '२'वाल्यांची संख्या पाहण्यासारखी असते.

मंदगती

आता मूळ प्रश्नाकडे. लोलकजी, चेंडूची समजूत मोडण्यासाठी खुद्द चेंडूच मोजावा लागतो.

फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं (फ्रेमचं) चित्रण करा. कॅमेरा तिवईवर, चेंडूपासून किमान ३ मीटर दूर, आणि मापनपट्टी चेंडूच्याच प्रतलात. पट्टी मागच्या भिंतीवर लावली तर सगळी अंतरं चुकतात. चित्रणातून वस्तूची जागा आणि वेग काढणारं ट्रॅकर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. पण काही फोन फाइल सेकंदाला ३० चौकटींची म्हणून साठवतात, तेव्हा खरा वेग हाताने भरा, नाहीतर काळ आठपट येतो.

दर २४ चौकटींनी म्हणजे ०.१ सेकंदाने वेग काढा. चेंडू ३.९२ मी/से ने सुटला तर ओळ अशी येते: ३.९२, २.९४, १.९६, ०.९८, ०, −०.९८, −१.९६. आता मुलांना विचारा, वर जाताना हाताचं बल हळूहळू संपत असेल तर वेगातली घट प्रत्येक वेळी बदलायला हवी होती, ती का बदलत नाही? आणि माथ्यावर बलं समान असतील तर तिथून पुढे वेग शून्यच राहायला हवा. तो ०.१ सेकंदात −०.९८ कसा झाला? वेग-काळ आलेख ही एकच सरळ रेघ आहे, माथ्यावर तिला साधी मोडसुद्धा नाही.

साक्षेप

याला जोड म्हणून फोनचा त्वरणमापक. फायफॉक्स ॲपमध्ये 'गुरुत्वासह' मोजणारा पर्याय घ्या. फोन टेबलावर: ९.८. जाड गादीवर उभं राहून फोन वर फेकला, फिरू न देता: हात ढकलत असताना आकडा ९.८ च्या बराच वर जातो, सुटल्याक्षणी शून्याजवळ येतो आणि वर जाताना, माथ्यावर, खाली येताना तिथेच राहतो. हाताचं बल फोनबरोबर प्रवास करत असतं तर ते इथे दिसलं असतं.

त्रिज्या

यात धोका आहे. मुलं म्हणतील, हवेत गुरुत्वाकर्षण शून्य झालं. एक गैरसमज काढायला दुसरा, आणि तो अंतराळवीरांपर्यंत जातो.

साक्षेप

धोका खरा आहे. म्हणून आधी मापक काय मोजतो ते दाखवायचं. तानकाट्याला अर्धा किलो टांगा आणि काट्यासकट उशीवर सोडून द्या. मंदगती चित्रणात काटा शून्यावर येतो. वस्तू तर खाली पडतेच आहे, म्हणजे गुरुत्व आहे, पण स्प्रिंगला ताण नाही. फोनमधल्या मापकाच्या पोटात तशीच एक अतिसूक्ष्म स्प्रिंगवजा रचना असते. तो स्पर्शाने लागणारी बलं दाखवतो, गुरुत्व दाखवतच नाही. हे आधी पटलं की 'हवेत असताना शून्य' याचा अर्थ 'कोणीही टेकलेलं नाही' असाच निघतो. तुमचंच बोट फिरवणं, फक्त यंत्राने केलेलं.

निरभ्र

फोन फेकायला जीव होत नसेल तर प्लास्टिकची बाटली. तळाजवळ ३ मिलिमीटरचं भोक, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागते. बाटली खाली सोडली की धार थांबते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ती वर फेका. हातातून सुटल्याक्षणी धार थांबते, वर जात असतानाच. 'पडताना' आणि 'चढताना' या एकाच प्रकारच्या गती आहेत, हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे दिसत नाही. पाण्यात रंग टाका, मागे पांढरा कागद लावा आणि हे मोकळ्या जागेत करा.

लोलक

बाटली वर फेकण्याचं सुचलंच नव्हतं. सगळ्यांचे आभार.

क्रमाबद्दल दोन्ही बाजू वाचून मी असं ठरवतोय: पहिल्या तासाला दोन नावांचा नियम आणि सीडीची चकती. मग उतरण यांची गोटी, त्वरणासाठी. मग ट्रॉली, घर्षण, तिसरा नियम. शेवटी चेंडू, बाटली आणि चित्रण. आलेख वेगळे न शिकवता प्रत्येक प्रयोगाबरोबर.

एक शंका उरते. शेवटी पुन्हा चेंडूच विचारला तर पाठ झालेलं उत्तर येईल. तपासायचं कशाने?

उतरण

गोटी उतारावर वरच्या दिशेने ढकलून सोडा आणि तीन जागा विचारा: चढताना, थांबते त्या क्षणी, उतरताना. त्वरणाची दिशा? निव्वळ बलाची दिशा? तिन्हीकडे उताराखालीच. कोणी थांबण्याच्या क्षणी 'शून्य' लिहिलं तर चेंडू अजून पाठांतरातच आहे.

कोनमापक

आणि दुसरा प्रश्न वर्तुळाचा. कागदी ताटलीचा पाव भाग कापून टाका आणि गोटी काठाने फिरवत सोडा. कापलेल्या जागी ती कुठे जाईल ते आधी कागदावर काढून घ्या: वळत राहील, सरळ जाईल की बाहेर फेकली जाईल? ती स्पर्शिकेने सरळ जाते. ज्यांच्या वहीत वळणारी रेघ आहे त्यांना विचारा, त्या वळणाला लागणारं बल 'कोणाचं गोटीवर'?

त्रिज्या

ताटली टेबलाला चिकटवून घ्या. गोटीच्या धक्क्याने तीही सरकते आणि मग मार्ग वाकडा दिसतो.